नऊ नंबरचे बूट

कूनाबराबरान,
५ ऑगस्ट १९८४

प्रिय श्रीनिवास,

तुझं पत्र पोचलं. सिडनीच्या थंडीत तुझे गुडघे कुरकुरतात हे कळलं. माझे कुरकुरत नाहीत, कारण त्यांना मी बोलायची परवानगीच दिलेली नाही.

आता कामाचं. ऑक्टोबरच्या लाँग वीकएंडला इकडे निघून ये आणि आठवडाभर राहा. आपण शिकारीला जाऊ. हसू नकोस. वसईच्या शाळेत, कवितेच्या तासाला, बाकाखालून चिंचा खाताना तू मला म्हणाला होतास, "एलायस, तुझ्या बाबांबरोबर तू रानात जातोस, एकदा मलाही ने." मी हो म्हणालो. मग तू मास्तर झालास, मी केळीच्या वाडीत आणि बंदुकीत रमलो, आणि ते राहिलं ते राहिलंच. आता पोरांनी दोघांनाही या देशात आणून ठेवलंय, बायका दोघांच्याही देवाघरी गेल्यात. इथे शेजारच्या कीथच्या रानात ससे इतके माजलेत की तो कुंपणापाशी येऊन म्हणतो, "एलायस, मेट, प्लीज!"

येताना एकच वस्तू आण. बूट. इथला तपकिरी साप थंडी सरली की उपाशीपोटी बाहेर पडतो. त्याचे दात बारके, पण विष जबर. तेव्हा बूट गुडघ्याच्या वीतभर खालपर्यंत हवेत, चामडं जाड हवं, तळवा शिवलेला हवा. चिकटवलेला तळवा दोन पावसाळ्यांत जीभ काढतो. दोन मोजे मावतील असे, एक नंबर मोठे घे. माझे जुने देतो म्हटलं असतं, पण माझा पाय नऊ नंबरचा आणि तुझा सहा. चिमणीचे पाय तुझे.

मला स्वतःला असल्या बुटांची गरज नाही. मी सापाला आधी बघतो, मग साप मला. घोट्यापर्यंतचे जुने बूट मला पुरतात.

वॅटलचा वास सुटलाय. सकाळी पोपटांचा इतका दंगा असतो की वसईचा मासळीबाजार बरा. अक्षर मोठं झालंय, कारण हर्बर्टने जाड पेन दिलंय. जावयाची वस्तू, वापरायला हवी.

आठवतंय ना, "श्रीनिवास मोठा शूर, दोरी दिसता पळे दूर"? विहिरीपाशी काथ्याचा दोर बघून तू पळाला होतास तेव्हा मीच ते जुळवलं होतं. वर्गात पहिला नंबर तुझा, पण अख्ख्या शाळेला पाठ झाली ती माझी कविता.

तुझा,
एलायस

* * *

गिरावीन,
सिडनी, १४ ऑगस्ट १९८४

प्रिय एलायस,

कूनाबराबरान! तुझ्या गावाचं नाव मी दिवसातून दोनदा तरी नुसतं म्हणतो. तोंडात खडीसाखरेसारखं घोळवत ठेवावं असं नाव आहे. कुठल्याही वृत्तात बसत नाही आणि तरी चाल लागते.

येईन. नक्की येईन. मी मांसाहार करत नाही, बंदूक कधी हातात धरली नाही, आणि दोरीबद्दल तू लिहिलंस ते आजही तितकंच खरं आहे. पण कवितेच्या तासाला दिलेला शब्द आहे, तो मोडू नये.

घरात मी विषय काढला तेव्हा सूनबाई सुमेधा पोळ्या लाटत होती. ती डॉक्टर. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, गुडघ्यापर्यंत बूट असतील तर जा. नसतील तर नाही. मला हॉस्पिटलात तुमचा पाय बघायचा नाहीये." चारुदत्त म्हणाला, "मी घेऊन देतो." मी म्हणालो, माझी शिकार, माझे बूट, माझं पेन्शन. त्यावर नात चित्रा इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मला नेहमीसारखं नंतर कळलं. ती म्हणाली होती, आजोबा सशाला गोष्ट सांगून झोपवतील.

शनिवारी चारुदत्तने मला पॅरामॅटाला नेलं. लष्कराचं जुनं सामान विकणारं एक दुकान आहे तिथे. मालक माल्टा बेटाचा, वयाने आपल्यासारखाच, भुवया कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मी विचारलं, "स्नेक-प्रूफ बूट?" तो म्हणाला, "मेट, साप-प्रूफ असं जगात काही नसतं. सापाला उशीर होईल असे बूट असतात." मला हा माणूस आवडला. त्याने लष्करी बूट दाखवले. भक्कम, पण घोट्यापर्यंतच. रबरी गमबूट दाखवले. स्वस्त, पण तो म्हणाला की तारेच्या कुंपणात एकदा अडकले की फाटतात आणि उन्हात आत भात शिजतो. तिसरे घोडेस्वारांचे, उंच, सुंदर, काळेभोर. त्यांची किंमत बघून मी ते हळूच जागेवर ठेवले, झोपलेलं मूल ठेवावं तसे.

घेतलं काहीच नाही. कारण शनिवार. चारुदत्त चिडला. "बाबा, इथे शनिवारी दुपारी दुकानं बंद होतात, रविवारी उघडत नाहीत, आणि तुम्ही शनिवारी चामडं घेणार नाही! मग घ्यायचं कधी? तुम्ही शाळेत शिकवायचात ना?" मी म्हणालो, "शिकवायचो, पण मराठी. विज्ञानाचे मास्तर वेगळे होते." आईने घातलेली शपथ आहे रे. ती गेली, पण शनिवार दर आठवड्याला येतोच.

गुरुवारी संध्याकाळी दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. आता गुरुवार धरतो. तोवर मला लिही की चामडं चांगलं कसं ओळखायचं, आणि तिकडे आता काय काय दिसतं तेही लिही. तुझ्या पत्रातलं रान मला उशाशी ठेवून झोपायला आवडतं.

तुझा,
श्रीनिवास

* * *

कूनाबराबरान,
२४ ऑगस्ट १९८४

प्रिय श्रीनिवास,

चामडं अंगठ्याने दाब. सुरकुती पडून लगेच गेली पाहिजे. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, म्हणजे आत कुसळं शिरत नाहीत. खोबरेल लावू नकोस, चामडं लोळागोळा होतं. मेण लाव. तळव्याची शिवण नखाने उचकून बघ, उचकली तर दुकानदाराला रामराम. आणि शनिवारचं सोड. माझ्या आईने शुक्रवारी मटण खाऊ नको सांगितलं होतं, ते मी फक्त ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात ऐकतो.

काय दिसतं म्हणून विचारलंस. संध्याकाळी मी कुंपणाच्या कडेकडेने चालतो. मोती पुढे असतो. कुत्र्याचं नाव मीच ठेवलं, कीथ त्याला मॉटी म्हणतो. वारा आला की उंच झाडांच्या सालींची लक्तरं एकमेकांवर घासतात, जुन्या दाराच्या बिजागऱ्या वाजाव्या तशी. पाण्याच्या टाकीत थेंब पडतो तो किती भरलीय ते सांगतो. कीथच्या मेंढ्या खोकतात, अगदी आपल्या चित्रे गुरुजींसारख्या. सूर्य मावळला की जमीन लगेच गार पडते, बुटातून कळतं. हर्बर्ट डोंगरावरच्या वेधशाळेत मोठ्या दुर्बिणीची यंत्रं सांभाळतो, तो रात्रपाळीला निघाला की त्याच्या गाडीचा तिसरा गिअर कुरकुरतो.

झालं एवढंच. आणखी काय हवं?

मागच्या आठवड्यात मोती एकाएकी भुंकायला लागला, मी एक पाय उचललेला तसाच उभा. सापच असणार. पण गेला. माझ्या नशिबाचा तळवा शिवलेला आहे, चिकटवलेला नाही.

ये लवकर.

एलायस

* * *

गिरावीन,
३१ ऑगस्ट १९८४

चि. जोसेफिन,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरच्या नाही. त्यावरूनच तू थोडं ओळखशील.

माझा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यात गेला. अक्षर बिघडलं की मूल आजारी आहे, रुसलंय, की उपाशी आहे, हे मला कळायचं. तुझ्या बाबांच्या ओळी आता उजवीकडे उतरतात. कधी एक ओळ दुसरीवर बसते. त्याने जाड पेनाला दोष दिला, तो मी मानलाही होता.

पण परवा मी त्याचं गेल्या वर्षीचं पत्र काढलं. तिकडची ती वॅटलची झाडं फुलली होती म्हणून त्याने पानभर लिहिलं होतं. हळदीसारखा पिवळा, मग लग्नातल्या साडीसारखा पिवळा, मग भांडून शेवटी "पिवळ्याला पिवळाच म्हणावं" असं. आणि यंदा? "वॅटलचा वास सुटलाय." एवढंच. मी मुद्दाम विचारलं, काय दिसतं ते लिही. उत्तरात वारा आहे, थेंब आहे, मेंढ्यांचा खोकला आहे. पत्र सुंदर आहे, पोरी, पण त्यात एकही रंग नाही. वर्गात असता तर मी समासात लिहिलं असतं, "डोळे कुठे आहेत?"

मला खरं सांग. त्याला सांगणार नाही.

श्रीनिवासकाका

* * *

कूनाबराबरान हॉस्पिटलच्या कँटीनमधून,
७ सप्टेंबर १९८४

श्रीनिवासकाका,

नमस्कार. ब्रेकमध्ये लिहितेय, त्यामुळे पत्र गडबडीचं होणार.

तुम्ही ओळखलंत. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पपांनी आम्हालाच सांगितलं नव्हतं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. डब्बो शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवायचं. समोरचं थोडं दिसतं, नळीतून बघावं तसं. खालचं आणि बाजूचं काहीच नाही. म्हणजे पायाशी काय आहे ते त्यांना दिसत नाही, काका. आणि ते रोज संध्याकाळी त्या कुंपणाने चालतात.

मी चालणं बंद करायला सांगितलं तर दोन दिवस जेवले नाहीत. मग मी उंच बूट आणले, चांगले, महागाचे. त्यांनी खोकं उघडलं, हात फिरवला आणि म्हणाले, "हे आंधळ्याचे बूट आहेत." तेव्हापासून खोकं कपाटावर आहे. हर्बर्ट बोलला, तर म्हणे, "तू लांबचे तारे बघ, मी माझे पाय बघतो." मोती भुंकला त्या दिवशी मी मातीत सापाचे ट्रॅक्स बघितले. अगदी जवळ होता. आता उन्हाळा येतोय आणि मी शिफ्टवर असताना फोन वाजला की हातातलं टाकून पळते.

बंदुकीची काळजी करू नका, काडतुसं हर्बर्टकडे असतात. शिकार म्हणजे काय होणार, मला माहीत नाही. पण तुम्ही येणार म्हणून ते महिन्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवत होते. प्लीज या. आणि त्या बुटांचं काही जमलं तर बघा. माझं ऐकत नाहीत. तुमचंही ऐकणार नाहीत, पण तुम्ही त्यांच्या बाकावरचे.

जोसेफिन

* * *

गिरावीन,
२१ सप्टेंबर १९८४

प्रिय एलायस,

घात झाला. हसशील म्हणून आधीच सांगून टाकतो.

काल गुरुवारी मी एकटा ट्रेनने पॅरामॅटाला गेलो. माल्टावाल्याने मला बघताच आतून एक जोड आणला. कोणा सर्व्हेअरने खास बनवून घ्यायला सांगितलेले बूट, पण तो पश्चिमेला निघून गेला आणि न्यायला आलाच नाही. तांबूस तपकिरी, पिकलेल्या चिंचेचा असतो ना, तो रंग. गुडघ्याच्या वीतभर खालपर्यंत. अंगठ्याने दाबलं, सुरकुती आली आणि गेली. जीभ दोन्हीकडून शिवलेली. तळव्याची शिवण नखाने उचकवायला गेलो तर नखच तुटलं. आणि किंमत माझ्या पेन्शनला मान खाली घालायला न लावणारी.

घेतले. घाईत घेतले. तू म्हणाला होतास एक नंबर मोठे, दोन मोज्यांसाठी. मी म्हटलं थंडी असेल, तीन मोजे घालू, मग दोन नंबर मोठे. मग म्हटलं, चामडं पुढे आटतं. माझं गणित तुला माहीतच आहे, तुझ्या पाटीवरून उतरवायचो. घरी येऊन घातले तर आत पाय मोकळा फिरतोय, पितळी घंटेत लोलक फिरावा तसा. खाली बघतो तर नंबर नऊ!

दुकानदार परत घेत नाही. पाटीच लावलीय, राहिलेला माल परत घेतला जाणार नाही. सुमेधा म्हणाली, "बाबा, नऊ? तुम्हाला?" आणि माझ्याकडे असं बघत राहिली की मी पोथी काढून बसलो.

दुसरे घ्यायची ऐपत नाही आणि चारुदत्तकडे मागायचं नाही. पण इलाज सापडला. तो रविवारी क्रिकेट खेळतो. त्याचे जुने पॅड गॅरेजमध्ये होते. वेताच्या काड्या, आत कापूस, वर जाड कॅनव्हास. साध्या बुटांवर हे बांधले की घोट्यापासून मांडीपर्यंत किल्ला. चित्राने मला बांधून दिले आणि अंगणात चालायला लावलं. सुमेधाने पट्टे ओढून बघितले, बॅटने दोन टोले मारून बघितले, आणि डॉक्टर म्हणून परवानगी दिली.

नऊ नंबरचे तिकडे घेऊन येतो. एवढी चांगली वस्तू गॅरेजमध्ये कुजू द्यायची? तुझ्या जावयाला होतील, नाहीतर कीथला विकू. तूच बघ काय करायचं ते. मला लाजेने बघवत नाहीत.

तुझा मूर्ख,
श्रीनिवास

* * *

कूनाबराबरान,
२६ सप्टेंबर १९८४

श्रीनिवास,

चाळीस वर्षं मुलांना शहाणं करून तू स्वतः तिथेच राहिलास. आण ते बूट. हर्बर्टचा पाय आठ, कीथचा दहा. नवं चामडं कोणी विकत घेत नाही, आधी चालून मऊ करावं लागतं. ते काम मी करीन. शिकारीच्या दिवशी घालीन, म्हणजे तुझा पैसा वाया जाणार नाही.

पॅड आणतोस म्हणजे बॅटही आण. साप यॉर्कर टाकतो.

डब्बोच्या स्टेशनवर हर्बर्ट येईल.

एलायस

* * *

कूनाबराबरान,
१२ ऑक्टोबर १९८४

प्रिय श्रीनिवास,

हे पत्र मी सांगतोय आणि जोसेफिन लिहितेय. ती घसा खाकरतेय, तेही लिही म्हटलं. (लिहिलं, पपा.)

तू गेलास तर घर एकदम शाळा सुटल्यासारखं झालं. मोती तुझ्या खोलीच्या दारात दोन दिवस बसून होता. तू त्याला शिरा खायला घातलास हे मला माहीत आहे. कीथ अजून दर भेटीत विचारतो, "तुमचा तो ओपनिंग बॅट्समन कुठे आहे, मेट?"

आता मुद्द्याचं. तू इथे आठ दिवस होतास आणि त्या दुपारचं बोलणं आपण दोघांनी टाळलं. मीही टाळलं. पण रोज कुंपणाने चालताना मी तिथे येतो आणि विचार करतो. ओढ्याच्या काठी पडलेला निलगिरीचा ओंडका मी ओलांडला, तू म्हणालास थांब, मी थांबलो. मग माझ्या नडगीवर टक् असं काहीतरी लागलं. मी विचारलं, "काठीने टोचतोस काय रे?" तू म्हणालास, "हो, मीच. उभा राहा." अगदी शांत आवाजात.

श्रीनिवास, काठी माझ्या हातात होती. कुंपण ओलांडताना तूच दिली होतीस.

(पपा, हे मला सांगितलं नाहीत! — जो.)

लिही पोरी, मधे बोलू नकोस. तेव्हा आता तुला काय काय दिसलं ते सगळं लिही. सुरुवातीपासून. मला दिसलं नाही, म्हणून विचारतोय. घे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही मुलीकडून लिहवून घेतलं. डोळ्यांचं तुला कुठून कळलं ते विचारत नाही. तुझ्या हातात लाल पेन दिलं की तुला सगळंच दिसतं.

आणि एक. ससे मी बरेच ऐकले. डावीकडे दोन तर अगदी जवळ होते, कान खाजवत होते. तू एकदाही बोलला नाहीस. मी विचारलं, "आहे का काही?" तर म्हणे, "नाही रे, गवत आहे." मीही काही बोललो नाही, कारण बंदूक रिकामी होती. हर्बर्टने काडतुसं दिली होती, जोसेफिनला सांगू नकोस म्हणून. (हर्बर्ट!!) ती मी साखरेच्या डब्यात ठेवून निघालो. तुझ्यासारख्या माणसाच्या शेजारी मी भरलेली बंदूक घेऊन चालेन?

लिही सविस्तर. रंगांसकट.

एलायस

* * *

गिरावीन,
२० ऑक्टोबर १९८४

प्रिय एलायस,

लिहितो. जोसेफिन, तू हे सावकाश वाचून दाखव, विरामचिन्हांवर थांबून. तुझ्या बाबांना धावतं वाचलेलं कधी आवडलं नाही.

दुपार कोवळी होती. आभाळ असं निळं की आपल्याकडे फक्त बाटलीतल्या शाईला असतो तो रंग. कीथचं रान तुला वाटतं तसं हिरवं नाही, एलायस. ते पुसट सोनेरी, वाळायला टाकलेल्या भातासारखं, आणि त्यात मधे मधे जांभळ्या फुलांचे पट्टे. ती जांभळी फुलं जनावरांना विषारी असतात असं कीथ म्हणाला, पण बोलताना तोही त्यांच्याकडेच बघत होता. झाडांची खोडं पांढरी, साल सोललेल्या ठिकाणी गुलाबी, तळहातासारखी. तू पुढे चालत होतास. बंदूक खांद्याला, काठी हातात, आणि पायात ते बूट. ते लाल मातीत इतके शोभत होते की ते घातलेला माणूस जन्मापासून तिथलाच असावा.

मी मागे, पॅड बांधून. पॅड एकमेकांवर घासून खसखस वाजत होते, त्यामुळे अर्ध्या रानातले ससे आधीच जागे झाले असणार. उरलेले मी पाहिले. डावीकडचे दोन खरोखरच कान खाजवत होते, तू बरोबर ऐकलंस. एकाचा कान फाटका होता, आणि उन्हात तो कान आतून दिव्यासारखा लाल पेटला होता. आता असा कान बघून मी तुला "मार" कसं सांगू? मी गवत म्हणालो. ते खोटं नव्हतं. गवत होतंच.

मग ओंडका. तू पलीकडे पाय टाकलास. मी ओंडक्यावर चढत होतो तेव्हा दिसला. ओंडक्याच्या सावलीला चिकटून पसरला होता. बुटांचाच रंग, फक्त चकचकीत, आणि पोटाकडे साय धरलेल्या दुधासारखा. तुझ्या उजव्या पायापासून हातभर. तुझा दुसरा पाय अजून हवेत होता आणि तो नेमका त्याच्यावर पडणार होता.

मला वाटलं होतं मी पळेन. खरंच सांगतो, सत्तर वर्षं मी हेच समजत आलोय की असं काही झालं तर श्रीनिवास पळणार. पण पॅड बांधून पळता येत नाही रे! आणि तुझा कोपर माझ्या हातात कधी आला ते कळलंच नाही. तोंडातून "थांब" निघालं ते मास्तराचं. ज्या आवाजात मी पन्नास पोरं एका शब्दात गप्प बसवायचो, तो आवाज निवृत्त झाल्यावर कुठे गेला म्हणून मी शोधत होतो. तो तिथे ओढ्याकाठी सापडला. तू पाय तसाच मागे, आपल्या जागी ठेवलास.

त्याने मान उचलून वळण घेतलं आणि तुझ्या नडगीवर एकदा डोकं आपटलं. टक्. तू विचारलंस, काठीने टोचतोस काय. मी "हो" म्हणालो, कारण "नाही" म्हणालो असतो तर तू हललाच असतास. मग तो थोडा वेळ विचारात पडला. बहुतेक त्यालाही माल्टावाल्याचं म्हणणं पटलं असावं, की उशीर झाला. आणि तो तुझ्या बुटाच्या पंज्यावरून गेला. सबंधच्या सबंध. शेपटी संपता संपेना. तू म्हणालास, "श्रीनिवास, रेशमी साडीचा आवाज येतोय." मी म्हणालो, "हो, वारा आहे." तू हसलास. आता कळतंय, का हसलास ते.

घरी आल्यावर तू ओसरीवर बूट काढलेस, तेव्हा मी पाय धुवायच्या निमित्ताने तुझी नडगी बघितली. काही नव्हतं. बुटावर दोन बारीक ओरखडे आणि वाळलेला एक थेंब. तो मी ओल्या फडक्याने पुसला आणि मेण लावलं. खोबरेल नाही.

तेव्हा बोललो नाही, कारण भीती होती की जोसेफिन तुझं चालणं बंद करील. आता ती हेच पत्र वाचतेय. पोरी, त्याचं चालणं बंद करू नकोस. बूट घालून चालू दे.

काल चारुदत्तने विचारलं, "बाबा, शिकारीत काय मारलंत?" मी म्हणालो, काही नाही. तो म्हणाला, "मग एवढे खूश कसे?" याचं उत्तर मला येत होतं, पण ते गद्यात नीट बसेना.

तुझा,
श्रीनिवास

* * *

कूनाबराबरान,
४ नोव्हेंबर १९८४

श्रीनिवास,

हे मी स्वतः लिहितोय. ओळी कुठे जातील तिकडे जाऊ दे. लाल पेन लावू नकोस.

तुझं पत्र जोसेफिनने तीनदा वाचलं. पहिल्यांदा ती रडली, म्हणून काही कळलं नाही. दुसऱ्यांदा हर्बर्टवर ओरडत वाचलं. तिसऱ्यांदा चांगलं वाचलं. त्या सशाच्या कानापाशी मी तिला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा म्हणायला लावलं. आता ते पाठ आहे. मी आता रान बघायला निघालो की आधी तो कान पेटतो, मग बाकीचं दिसतं.

ती माझी जुनी कविता रद्द समज. नवी अशी. शाळेत कोणाला पाठ होणार नाही, पण मोतीला म्हणून दाखवलीय:

श्रीनिवास मोठा शूर,
साप आला, गेला न दूर.

कोण गेला नाही, साप की तू, असं जोसेफिन विचारते. साप तर गेला.

नऊ नंबरच्या बुटांबद्दल. हर्बर्टला होत नाहीत, कीथलाही होत नाहीत. मी रोज संध्याकाळी घालून मऊ करतोय. अजून झालेले नाहीत. चामडं फार चांगलं निघालं, तळवा हलत नाही. माझ्या अंदाजाने आणखी दहा-बारा वर्षं तरी लागतील.

झाले की लगेच कळवतो. तोवर तू पॅडवर भागव.

एलायस